पिवळ्या रुमालातून पांढऱ्यात

२ सप्टेंबर १९९१, सोमवार

ही डायरी मागच्या सालची, कोरी राहिलेली. रंगनाथरावांनी कपाटातून काढून दिली. म्हणाले, "घे, अक्षर सुधार. तारीख तीच ठेव, वार तेवढा खोड." म्हणून छापलेला रविवार खोडून सोमवार लिहिला.

आज कामाला लागलो. हे माझं आठवं काम. मानवतला सरकीची पोती उचलली, परभणीत हॉटेलात कपबश्या धुतल्या, सुरतेला साडीच्या कारखान्यात रंगाच्या टाकीवर उभा राहिलो. कुठंच चार महिन्यांच्या वर पाय टिकला नाही. शाळाही सहावीतच सोडलेली. माझं गाव तिकडं कळमनुरीच्या वर, इथं यायला दोन एसट्या बदलून दिवस जातो. माय म्हणते तुझ्या पायाला भिंगरी आहे. असेल.

काम असं. तालुक्याची जुनी कचेरी निजामाच्या काळातली दगडी. नवी इमारत एसटी स्टँडच्या पल्याड झाली आहे. जुन्या कचेरीतलं सगळं रेकॉर्ड तिकडं हलवायचं. पण नव्या इमारतीतली खोली जुनीच्या निम्मी. म्हणजे सगळं मावणार नाही. काय न्यायचं, काय टाकायचं, ते आधी निवडायचं. मी रोजंदारीवर, डिसेंबरअखेरपर्यंत.

रंगनाथराव रेकॉर्डकीपर आहेत. फायलीला ते मिसल म्हणतात, सहीला दस्तखत. त्यांनी चार रंगाचे रुमाल दाखवले. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे, फायली बांधायचं मोठं फडकं.

"लाल रुमाल म्हणजे अ वर्ग. कायमचं. जग बुडालं तरी ते राहिलं पाहिजे. हिरवा ब, तीस वर्षं. पिवळा क, दहा वर्षं, पण त्या मिसलीतलं भांडण चालू असेल तर मिटेपर्यंत हात लावायचा नाही. पांढरा ड. वर्ष झालं की पेटव."

मी म्हणालो, "पांढरा म्हंजे कफनाचाच की साहेब."

ते हसले. "पोरगं हुशार आहे," म्हणाले.

७ सप्टेंबर, शनिवार

आठवडाभर नुसती धूळ. शिंका थांबत नाहीत. उर्दूतले गठ्ठे मला वाचता येत नाहीत, ते रंगनाथराव बघतात. मराठीतले मी अक्षर लावून वाचतो आणि त्यांना ओरडून सांगतो. ते म्हणतात "पिवळा", मी पिवळ्यात बांधतो. म्हणतात "पांढरा", मी पांढऱ्यात बांधतो. संध्याकाळी हातगाडीवर लाल-हिरवे-पिवळे गठ्ठे रचून नव्या इमारतीत नेऊन टाकायचे. पांढरे इथंच मागच्या खोलीत.

शिपाई लोक मला "कफन" म्हणायला लागलेत. "ए कफन, चहा घे." चहा मात्र फुटक्या कानाच्या कपात. तो कप खिडकीत वेगळा असतो, मी पहिल्याच दिवशी ओळखला. मला त्याचं काही वाटत नाही, सवय आहे. पण आज रंगनाथरावांनी आपल्या कपातला चहा बशीत ओतून बशी माझ्याकडं सरकवली. सगळ्यांसमोर. शिपायाचं तोंड बघण्यासारखं झालं.

मग त्यांनी विचारलं, "इकडं तुझं कुणी आहे का?"

"हिवरवाडीत थोरली बहीण दिलीय. आश्रुबाला."

"गायरान कसतो तो आश्रुबा?"

"व्हय. वळखता का तुमी?"

"आमच्या आबासाहेबांचं गाव ते," म्हणाले, आणि बशीकडं बघत बसले. आठ नोकऱ्यांत पहिला साहेब असा भेटला ज्याने माझ्या माणसाचं नाव ध्यानात ठेवलंय.

१५ सप्टेंबर, रविवार

हिवरवाडीला जाऊन आलो.

पंचफुला अक्का लांबूनच ओरडली, "भुजंग्या, मेल्या, आलास व्हय? किती वाळलास रं! कचेरीत कागद खायला घालतेत का काय?"

"कागद खातो, पाणी वरून पितो," मी म्हणालो.

"मग आज भाकर खा, पोटाला वळख राहील तिची."

दाजींनी शेत फिरून दाखवलं. चार एकर. अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंगलीत यांची वस्ती जाळली. गावात परत राहायला नको म्हणून ही माणसं गायरानात माळावर आली, ते आजतागायत. नुसता मुरूम होता, कुसळसुद्धा धड उगवत नव्हतं. आता तूर माझ्या कंबरेला लागते. दाजी तुरीच्या शेंड्यावर हात फिरवत चालतात, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा.

पण जमीन यांच्या नावावर नाही. सरकारी आहे. दर साली तलाठी येतो, चावडीसमोर उभा राहून मोठ्यानं पुकारतो, "अतिक्रमणदार आश्रुबा, दंड!" गावात आता नावच पडलं आहे. गिरणीवर दळण टाकलं की गिरणीवाला म्हणतो, "अतिक्रमणाचं दळण आलं, बाजूला ठेवा." लोक हसतात. अक्का सांगताना हसत नव्हती.

दाजींची माय कडूबाई. तिने बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढून दाखवला. आत दंडाच्या पावत्या, तेरा सालच्या, प्रत्येक पावतीची नीट घडी.

"हे काय जपून ठेवलंय मावशी?"

"सरकारनं आपलं नाव लिवलंय त्याच्यात. दर साली लिवतंय. माझ्या बापाचं नाव कुनी कदी कुटं लिवलं न्हवतं."

दाजी म्हणाले, "काय म्हनून लिवलंय ते इचार की! चोर म्हनून लिवलंय."

"लिवलंय तर खरं," म्हातारी म्हणाली आणि डबा मिटला. अडाणी माणसाला काय सांगणार.

मला मात्र झोंबलं. माझ्या बहिणीचा नवरा, आणि सरकारदरबारी चोर.

२३ सप्टेंबर, सोमवार

आज हिवरवाडीचे ते आबासाहेब, गावातली बडी असामी, रेकॉर्डात आले. पांढरे कपडे, हातात छत्री, बोलणं एकदम मऊ. मी उभा राहिलो तर म्हणाले, "बस बस, काम कर. कामाचा माणूस उभा राहू नये." मला अरे-कारे केलं नाही.

त्यांना हिवरवाडीच्या रस्त्याला शाळा काढायची आहे. हायस्कूल. संस्था नोंदवून झाली, फक्त जागा पाहिजे. मला म्हणाले, "तू किती शिकलास?" मी सहावी सांगितलं. ते म्हणाले, "बघा रंगनाथराव, जवळ शाळा असती तर हे पोरगं आज खुर्चीवर असतं." खरं आहे ते. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं राहिलं.

मग त्यांनी मला पान आणायला पाठवलं. परत आलो तेव्हा दोघं हळू बोलत होते.

"मुंबईला ठरल्यात जमा आहे," आबासाहेब म्हणत होते. "दिवाळीनंतर कधीही निघेल."

"तोपर्यंत रेकॉर्ड हलवून होतंय," रंगनाथराव म्हणाले. "हलवताना काय, इकडचं तिकडं होतंच."

मला बघून गप्प झाले. शाळेचीच परवानगी असेल. आजकाल शाळेला परवानगी मिळत नाही म्हणे.

२६ सप्टेंबर, गुरुवार

आज मी एक चांगलं काम केलं. कुणाला सांगायचं नाही म्हणून फक्त इथं लिहितो.

दुपारी सगळे जेवायला गेले होते. रंगनाथरावांनी मला हाक मारली आणि एक पिवळा गठ्ठा पुढं टाकला. "वाच. तुझ्याच घरचं आहे."

मी रुमाल सोडला. वर चिठ्ठी, "मौजे हिवरवाडी, गायरान अतिक्रमण प्रकरणे". आत एका सालची एक फाईल. प्रत्येक फाईलवर दाजींचं नाव, बापाचं नाव, गट नंबर, पीक काय होतं ते, आणि खाली "अतिक्रमणदार यास दंड करणेत येत आहे". तेरा वेळा. आरोपी असंही लिहिलेलं एका ठिकाणी. वाचता वाचता माझे कान तापले. वाटलं आत्ताच फाडून टाकावं.

रंगनाथराव म्हणाले, "भुजंग, हे नव्या इमारतीत गेलं की पक्कं झालं बघ. मग नातवंडांपर्यंत अतिक्रमणदारच. उद्या एखादा कडक साहेब आला तर हेच दाखवून उभं पीक काढून फेकेल. तुझ्या बहिणीला जेलसुद्धा होईल."

"मग साहेब?"

"मी काय सांगणार? मी सरकारी माणूस. मी पाणी प्यायला चाललो." ते उठले. दारातून वळून म्हणाले, "पांढरे रुमाल त्या कोपऱ्यात आहेत."

मी दोन मिनिटं तसाच बसलो. क वर्गातलं भांडण मिटेपर्यंत हलवायचं नाही हे मला माहीत होतं. पण भांडण ज्याच्याशी आहे तो माझाच दाजी आहे. पिवळा रुमाल झटकून घडी घातला. पांढरा घेतला. गाठ मारली.

ते परत आले, गठ्ठ्याकडं बघितलंसुद्धा नाही. नाशन यादी पुढं केली. काय काय जाळायचं त्याची ती यादी. अनुक्रमांक दोनशे चौदाला त्यांनी हिवरवाडीचा गठ्ठा लिहिला होता, मला म्हणाले, "छाननी तू करतोस ना, मग दस्तखत तुझी. मान तुझा." सरकारी कागदावर ही माझी पहिली सही. भुजंगमधल्या जं वरचा अनुस्वार जरा मोठा झाला.

बाहेर निघताना त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "घरात पावत्याबिवत्या असतील तर त्याही ठेवू नका म्हणावं. कोर्टात त्याच दाखवतात. आणि इथलं इथंच ठेव, बहिणीलासुद्धा सांगू नको कसं झालं ते. माझी नोकरी जाईल."

सख्ख्या चुलत्याने माझ्यासाठी एवढं केलं नसतं.

२९ सप्टेंबर, रविवार

हिवरवाडी. अक्काला सांगितलं, "दाजींचं नाव कमी झालं. केस संपली. कसं ते इचारू नका."

दाजींना खरं वाटेना. "कमी झालं म्हंजे? पुन्ना चावडीवर न्हाई वरडनार?"

"न्हाई वरडनार."

"गिरनीवाल्याला कोन सांगनार?"

"तुमीच सांगा जाऊन."

दाजी खरंच गिरणीवर जाऊन आले. परत आल्यावर जरा ताठ चालत होते. अक्काने गुळाचं पाणी करून पुरणपोळ्या टाकल्या. "आमच्या भुजंग्याची कचेरीत वळख हाय," असं शेजारणीला तीनदा ऐकवलं.

मग मी पावत्यांचं काढलं. कडूबाईने डबा पोटाशी धरला.

"न्हाई द्यायची."

"मावशी, त्योच तर पुरावा हाय तुमच्याविरुद्ध!"

"आसूंदे इरुद्ध. नाव हाय त्यात."

दाजी म्हणाले, "माय, त्यो कचेरीत हाय, त्याला कळतंय का तुला?"

"मला काय कळतंय," म्हातारी म्हणाली. "जाळायला आले तवा आबासाहेबाचा भाऊ म्होरं हुता, एवढंच मला कळतंय."

याचा इथं काय संबंध? दाजींनी डबा ओढून घेतला. तिने सोडला नाही, मग तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. ती मी सोडवली. काटकीसारखी बोटं. चुलीत पावत्या टाकल्या, पोळी त्याच जाळावर फुगली. पोळी चांगली झाली होती. म्हातारी जेवली नाही.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

आज पांढरे गठ्ठे जाळले, जुन्या कचेरीच्या मागं. सकाळी अकरापासून तीनपर्यंत. कागद गठ्ठ्यात जळत नाही, सोडून पसरावा लागतो, काठीने खालीवर करावा लागतो. दोनशे चौदाचा मी आपल्या हाताने सोडला. नीट राख होईपर्यंत तिथंच उभा होतो. शिपाई म्हणाला, "ए कफन, सरणावर उभा राहिल्यासारखा काय उभा आहेस? चल चहा घ्यायला."

१८ डिसेंबर, बुधवार

दाजी कचेरीत आले. धोतर नवं, कपाळाला घाम. मला मिठी मारली.

"भुजंगा, झालं रं झालं! जीआर निघाला. आपल्या लोकायनं कसलेलं गायरान आपल्या नावावर करनार. सरकार! सातबाऱ्यावर नाव! चौदा एप्रिल नव्वदच्या आदीपासनं कसायलोय एवढं दाखवायचं, बास."

"दाखवायचं कशानं?"

"दंडाच्या पावत्यायनं," दाजी म्हणाले. "न्हाईतर कचेरीतली दंडाची फाईल. पुढारी सांगत हुता, ज्याला ज्याला दंड झाला त्याचं काम झालं. दंड म्हंजेच पुरावा."

मी हातातल्या रुमालाची घडी घालत राहिलो.

दाजींचं तोंड हळूहळू उतरलं. पावत्या आठवल्या असतील. मग स्वतःच म्हणाले, "पावत्या गेल्या तर गेल्या. हितली फाईल हायच की. नाव कमी केलं म्हंजे खोडलं आसंल. खोडलेलं तरी दिसतंयच ना? तू हायसच. काढ हुडकून."

मी म्हणालो, "बघतो."

१९ डिसेंबर, गुरुवार

रंगनाथरावांकडं गेलो. ते म्हणाले, "अरेरे. कुणाला ठाऊक होतं असा जीआर निघेल? तू तरी आधी विचारायचंस ना मला." मग म्हणाले, "तोंड बंद ठेव. सरकारी रेकॉर्ड नष्ट करणं म्हणजे सात वर्षं. मी तुला सांभाळून घेतो." त्यांनी माझं काम मार्चपर्यंत वाढवून दिलं.

चांगल्या मनाने केलेलं असं उलटावं. त्यांनाही किती वाईट वाटलं असेल.

६ जानेवारी १९९२, सोमवार

डायरी संपली म्हणून उलटून पुन्हा पहिल्या पानांवर आलो. इथंही वार खोडायचे.

आज अक्का आली. सकाळच्या पहिल्या गाडीने, भाकरी बांधून. नव्या इमारतीत रेकॉर्डखोलीच्या बाहेर व्हरांड्यात बसली. "तू हुडक. मी हितं बसते. माझी घाई न्हाई."

मी आत गेलो, दार लोटलं. सगळे गठ्ठे रंगाप्रमाणे लावलेले, मीच लावलेले. हिवरवाडीची जागा मला डोळे मिटून माहीत आहे, तिथं आता दुसऱ्या गावचं आहे. मी एक गठ्ठा काढला, सोडला, परत बांधला. दुसरा काढला. अक्काला ऐकू जावं म्हणून जरा आपटला. दुपारपर्यंत असं केलं.

बाहेर आलो तर ती म्हणाली, "लय धूळ खाल्लीस रं. हे घे, पानी पी. सापडंल. सरकारचा कागद कुटं जातोय?"

भाकरीसोबत ठेचा होता. दोघांनी खाल्लं. ती माझ्या केसातली धूळ पदराने झाडत होती.

२० जानेवारी, सोमवार

अक्का आज तिसऱ्यांदा आली. तिच्या पायाला भेगा पडल्या आहेत, एसटीचा खर्च नको म्हणून आज येताना चालत आली. नऊ मैल.

मला आज राहवलं नाही. दार उघडून म्हणालो, "अक्का, न्हाई सापडायची ती."

"आसं का म्हनतूस? अजून वरचा खण राहिलाय न्हवं? मला दिसायलाय हितनं."

"वरच्या खणात दुसरंच हाय."

"बघितल्याबगर कसं म्हनतूस रं? शिडी धरू का मी?"

तिने खरंच शिडी धरली. मी चढलो, वरचा खण पुरा खाली काढला. ती खालून एकेक गठ्ठा झेलत होती आणि मला विचारत होती, "ह्ये काय लिवलंय? ह्ये काय?" मी वाचून सांगत होतो. जन्ममृत्यू. पीकपाणी. निवडणूक. तिला वाचता येत नाही, तरी प्रत्येक चिठ्ठीवर बोट फिरवून बघायची.

मी सांगणार होतो. शिडीवरून उतरलो की सांगणार होतो. उतरल्यावर ती म्हणाली, "तू नसतास तर आमाला हितं उंबऱ्यात तरी कुनी येऊ दिलं आसतं का?" मग राहिलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हिवरवाडीला चावडीवर चौकशी झाली. नायब तहसीलदार, तलाठी, रंगनाथराव, आणि मी, दप्तर उचलायला. आबासाहेब खुर्चीवर होते, गावातले आणि वस्तीतले मिळून शंभरेक लोक जमले होते.

साहेबांनी विचारलं, "अर्जदार आश्रुबा, पुरावा?"

दाजी म्हणाले, "साहेब, दर साली दंड भरलाय. गाव साक्षीला हाय. ह्येंच्या आदीचे तलाठीसाहेब पुकारत हुते."

तलाठी नव्याने बदलून आलेला. म्हणाला, "मला माहीत नाही. पीकपाण्याला पडीक लिहिलंय."

"गिरनीवाल्याला इचारा. त्यो मला अतिक्रमणच म्हनतो."

लोक हसले. साहेबसुद्धा हसले. गिरणीवाला गर्दीतच होता. तो म्हणाला, "गंमतीनं म्हनायचो साहेब. मला काय ठावं?"

"पावत्या?"

दाजींनी माझ्याकडं बघितलं. "जळाल्या."

"कचेरीतली फाईल?"

तेव्हा रंगनाथराव उठले. पिशवीतून नाशन यादी काढली आणि वाचली. "अनुक्रमांक दोनशे चौदा. मौजे हिवरवाडी, अतिक्रमण प्रकरणे. वर्ग ड. नाश केला. छाननी करणार, भुजंग. ही दस्तखत." यादी फिरवून सगळ्यांना दाखवली.

साहेबांनी विचारलं, "हा भुजंग कोण?"

"हाच साहेब, रोजंदारीवरचा. अर्जदाराचा मेव्हणा."

लोक माझ्याकडं वळले. मग मागून कुणीतरी म्हणालं, "घरच्यानंच घर जाळलं की!" आणि हसू फुटलं.

साहेब विचार करून म्हणाले, "अर्जदाराच्याच नातेवाइकाने पुरावा नष्ट केला. पावत्याही घरीच जळाल्या. म्हणजे त्यात अर्जदाराला अडचणीचं काहीतरी असणार, हे उघड आहे. लिहा." तलाठ्याने लिहिलं.

दाजी खाली बसले, बसले तसे बसलेच. कडूबाई पुढं आली. मला वाटलं मारणार, मारायला पाहिजे होतं. तिने साहेबांना विचारलं, "म्हंजे आमचं नाव आता कुटंच न्हाई का बाबा?"

साहेब म्हणाले, "बाई, बाजूला व्हा."

अक्का बायकांमध्ये उभी होती. मी तिकडं बघितलं नाही.

परतताना जीपमध्ये रंगनाथराव म्हणाले, "नाइलाज होता रे. यादी लपवली असती तर दोघंही आत गेलो असतो. आबासाहेबांनी साहेबांना शब्द टाकला, म्हणून तुझ्यावर केस झाली नाही." हे खरं आहे. ते नसते तर मी आज आत असतो.

९ मार्च, सोमवार

शिपायाची ऑर्डर मिळाली. रंगनाथरावांनी पेढे वाटले, माझ्या हाताने. फुटक्या कानाचा कप कुणीतरी फेकून दिला आहे, की फुटला, माहीत नाही.

आज नव्या कपाटात रजिस्टरं लावली. नाशन यादी कुठं ठेवायची ते विचारलं. रंगनाथराव म्हणाले, "ती अ वर्ग. कायमची. काय जाळलं ते सरकारला कायम ठाऊक पाहिजे." मी लाल रुमालात बांधली. माझी सही आता जग बुडेपर्यंत राहील.

२२ मार्च, रविवार

आज हिंमत करून हिवरवाडीला गेलो. चार एकरांना तारेचं कुंपण पडलं आहे. लोखंडी पाटी लागली आहे, संस्थेचं नाव, खाली अध्यक्ष म्हणून आबासाहेबांचं. तूर काढून झाली होती, की काढायला लावली, कळलं नाही. वाटेत एक ओळखीचा भेटला. म्हणाला आश्रुबा उचल घेऊन ऊसतोडीला गेला, म्हातारी अंथरुणाला आहे, पंचफुला गावकुसाला एका पत्र्याच्या खोलीत राहते.

खोली सापडली. दार लोटलेलं होतं. मी कडी वाजवली.

"कोन हाय?"

"मी. भुजंग."

आत भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग अक्का बाहेर आली. डोक्यावर पदर घेतला होता, तलाठी दारात आला की घ्यायची तसा. पोतं झटकून अंथरलं.

"बसा," म्हणाली.

मी म्हणालो, "अक्का, आगं मी हाय."

"व्हय, वळखलं की. कचेरीतले ना तुमी." आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला, माझ्या हातात दिला नाही, समोर ठेवला. "पानी घ्या. उन्हाचे आलाव. आमचा मालक न्हाई घरी, काय काम आसंल ते मला सांगा."

मी पाणी पिलो. ती उभीच होती, पदर धरून, नजर खाली. आत म्हातारी खोकत होती. मी आणखी थोडा वेळ बसलो, मग तिने विचारलं, "निघता का मग? तुमची गाडी चुकंल."

पाचची एसटी मिळाली. शिपायाची ऑर्डर आल्याचं तिला सांगायचं राहूनच गेलं.